झाडू वस्तीच्या हातात, चावी कुणाकडे?

न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधला हंट्स पॉइंट हा काळ्या आणि लॅटिनो कष्टकऱ्यांचा भाग. शहराची बरीचशी भाजी-मासळी इथल्या घाऊक बाजारातून जाते आणि शहराच्या कचऱ्याचा मोठा वाटाही इथेच येतो. दिवसरात्र ट्रकांची रांग, तो धूर, पोरांना दमा. ब्राँक्स नदी वस्तीला खेटून वाहते, पण मध्ये कारखाने, भंगाराची आवारं आणि कुंपणं. काठावर राहणाऱ्यांना काठावर जायला वाट नव्हती.

1990च्या दशकाच्या शेवटी, इथेच वाढलेली मजोरा कार्टर आपल्या कुत्रीला घेऊन पळायला निघाली होती. कुत्रीने तिला ओढत एका उकिरड्यात नेलं. माजलेलं रान, कचऱ्याचे ढीग, आणि ते संपतात तिथे नदी! नदीकाठ सुधारण्यासाठी 10 हजार डॉलरचं छोटं अनुदान उपलब्ध होतं, ते तिने मिळवलं. शेजारीपाजारी, स्थानिक संस्था, पोरंटोरं साफसफाईला उतरली. मग पाठपुरावा, पुन्हा पाठपुरावा. त्यातून 30 लाख डॉलरचं उद्यान उभं राहिलं. साउथ ब्राँक्समध्ये 60हून जास्त वर्षांत नदीकाठी झालेलं हे पहिलं उद्यान. आज ‘रॉकिंग द बोट’ या संस्थेत वस्तीतली मुलं स्वतःच्या हाताने लाकडी होड्या बांधतात आणि याच नदीत वल्हवतात. 2007मध्ये तर नदीत बीव्हर हा नदीकाठचा प्राणी दिसला, सुमारे 200 वर्षांनी!

या लोकांना माझा सलाम. पण त्यांच्या घामाचं कौतुक करून जे हात झटकतात, त्यांना एक हिशेब दाखवायचा आहे. याच शहरातल्या सेंट्रल पार्कला 2012 साली एका धनाढ्याने 10 कोटी डॉलर दिले. हंट्स पॉइंटच्या उद्यानाची सुरुवात ज्या रकमेने झाली, तिच्या 10 हजार पट. श्रीमंतांच्या खिडकीखालच्या बागेला थैली मिळते आणि गरिबाला बाग हवी असेल तर त्याने आधी उकिरडा उपसून आपली लायकी सिद्ध करायची, हा कुठला न्याय? कर तोही भरतो. दिवसभर राबून आल्यावर रविवारी फावडंही त्यानेच उचलायचं?

लोकांनी पुढाकार घ्यावाच. बाकडं कुठे हवं, दिवा कुठे हवा, मुली संध्याकाळी कुठे थांबायला घाबरतात, हे नकाशा काढणाऱ्याला ठाऊक नसतं, वस्तीला असतं. म्हणून ठरवण्याचा अधिकार वस्तीकडे हवा आणि खर्चाची जबाबदारी महापालिकेकडे. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. श्रमदानाला वस्ती, फीत कापायला नगरसेवक, आणि वर्षभरात झोपाळ्याची साखळी तुटली की ‘तुम्हाला सांभाळता येत नाही’ म्हणून फाटकाला कुलूप.

तेव्हा पुढच्या उद्घाटनाला बोलावणं आलं तर नारळ फुटण्याआधी विचारा: माळ्याचा पगार अंदाजपत्रकात कुठल्या पानावर आहे, आणि फाटकाची चावी कुणाकडे राहणार आहे?