फ्रिज, चप्पल आणि गिटार

आमच्या घरी देवघरात चप्पल चालत नाही आणि फ्रिजपाशी चपलेवाचून चालत नाही. अनवाणी पायांनी फ्रिजचं दार धरलं की बोटांतून झिणझिण्या जातात, म्हणून शेजारी स्लिपरचा एक जोड कायम ठेवलेला असतो. पाहुण्यांना आई पाण्याआधी चप्पल पुढे करते. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या लोणावळ्यात माणूस अशा गोष्टींचं फार मनावर घेत नाही. जूनमध्ये मिठाला पाणी सुटतं, लग्नातल्या कोटावर बुरशी येते, तसा फ्रिज थोडा चावतो. ‘हवाच तशी आहे,’ असं म्हणून आम्ही सगळे गप्प होतो.

गप्प बसली नाही ती भाच्याची गिटार.

भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला. शनिवारी लोकलने येताना त्याने कुणाकडून तरी जुनी घेतलेली इलेक्ट्रिक गिटार आणि लहानसा अँप आणला. प्लग लावला, बटण दाबलं, आणि एकही तार न छेडता घरभर ‘घूंऽऽ’ सुरू झालं. तारांवर हात ठेवला की बंद, हात काढला की पुन्हा सुरू.

“तान्ह्या पोरासारखं आहे रे हे,” आई म्हणाली. “हात काढला की रडतंय.”

भाच्याने व्याख्यान दिलं. गिटारच्या तारांखाली पिकअप असतो: चुंबक, आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उमटते. पण समोर गिटारची तार आहे की शेजारचा ट्रान्सफॉर्मर, हे वेढ्यांना कळत नाही, ते दोन्हीही ऐकतात. त्यावर उपाय म्हणून गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर या गृहस्थांनी 1955 मध्ये उलटसुलट वेढ्यांचे दोन पिकअप शेजारीशेजारी बसवले, म्हणजे बाहेरचा गोंगाट एकमेकांत फिटतो. भाच्याच्या गिटारमध्ये एकेरीच होते. दुहेरीवाली महाग पडते.

मग गिटारची पाठ उघडली. ब्रिजपासून निघालेली काळी तार व्हॉल्यूमच्या पॉटच्या पाठीवर जाते का, तिथून जॅकला पोचते का, हे मल्टिमीटरने तपासलं. सगळीकडे ‘पीं’ वाजलं. तरी संशय नको म्हणून त्याने पॉटवरचं सोल्डर नव्याने मारायला घेतलं. पण पॉटची पाठ सगळी उष्णता गिळते, तिला पंचवीस वॅटचं आयर्न पुरत नाही. राळेच्या धुराने डोळे मात्र सगळ्यांचे चुरचुरले. नंतर पोळ्यांचा फॉइल गिटारच्या पोटात गेला. त्याने आवाज थोडा उतरला, आणि सोमवारचे डबे फडक्यात बांधावे लागले.

पुढे दिशांचा शोध लागला. एकेरी पिकअप फिरवला की गुणगुण कमी-जास्त होते, हे शास्त्रच आहे. आमच्याकडे राजमाचीच्या बाजूला तोंड केलं की गिटार निवायची आणि गल्लीतल्या डीपीकडे वळली की पिसाळायची. शेजारच्या काकांनी लगेच वास्तुशास्त्र काढलं. त्यांच्या मते दोष जिन्याचा होता.

विजेचं आमच्या गावाला तसं नवल नाही. वळवणच्या धरणाची कोनशिला 1911 मध्ये बसली. 1915 पासून आमच्याकडे पडलेला पाऊस घाटाखाली खोपोलीत उडी टाकून मुंबईच्या गिरण्या चालवू लागला. आमच्या वाट्याला पाऊसच जास्त आला, ते सोडा. ही वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते आणि तोच आवाज अँपमधून येतो. पेटीवर तो पांढरी पाचच्या जवळपास बसतो, अंमळ चढा. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेची ग्रिड उरलेल्या देशाला जोडली. तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळे फ्रिज एकाच स्वरात गुणगुणतात. आईचा स्वर पांढरी पाच. भाचा घाम पुसत वायरी मोजत असताना ती त्या गुणगुणीवर अभंग म्हणत होती आणि मला ते बरं वाटत होतं. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यातून झंकार निघावा म्हणून घोडी घासतात, तारेखाली दोरा सरकवतात. इथे आम्हाला तो फुकट मिळत होता.

खरा शोध आईनेच लावला. फ्रिजमधून दही काढून ती तशीच, चप्पल पायात ठेवून, गिटारपाशी आली आणि तारांवर हात ठेवला. आवाज बंद होईना. चप्पल काढली, फरशीवर पाय टेकले, आवाज बंद.

भाच्याचा चेहरा उतरला. गिटारने माणसाला जमिनीशी जोडायचं, त्याऐवजी माणूसच अँपला जमीन पुरवत होता, आईच्या पायांतून. लेस हार्वी नावाचा स्कॉटिश गिटारवादक 1972 मध्ये स्वान्सीच्या रंगमंचावर गेला तो अशाच बिघाडाने. अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला त्याचा हात लागला होता. भाच्याने हे सांगितल्यावर अभंग थांबला.

वायरमन आले. त्यांनी फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये शंभर वॅटचा बल्ब लावला. बल्ब पेटलाच नाही. प्लगची तिसरी, जाड पिन ज्या हिरव्या तारेला भेटते, ती तार मीटरच्या पेटीपर्यंत इमानाने आली होती आणि तिथे मोकळीच लोंबत होती.

“साहेब, खड्डाच नाहीये,” वायरमन म्हणाले. “घ्यावा लागंल.”

मावळात खड्डा गुपचूप घेता येत नाही. कुदळीचा आवाज ऐकून एकाने बोअर किती फूट घेताय म्हणून विचारलं. दुसऱ्याने प्लॉट काढताय तर आधी आम्हाला सांगा, असं बजावलं. थोडा मुरूम गेल्यावर काळा पाषाण लागला, पाइप टणकन वाजला आणि कोपरा बदलावा लागला. ओल धरायला कोळसा आणि मीठ लागतं. कोळसा भुशी डॅमच्या रस्त्यावरच्या कणीसवाल्याकडून घेतला. त्याने तो कणसाच्या भावाने लावला. खडे मिठाचं पोतं उचलताना वाण्याने विचारलं, “वहिनी, कैऱ्या कुठं मिळाल्या एवढ्या?”

क्लँप आवळला, आणि अँपमधून ऐकावं लागेल इतकीच सूक्ष्म गुणगुण उरली. ती एकेरी पिकअपची, तिच्यावर इलाज नाही. फ्रिजही चावेना. बायको म्हणाली, “मी सांगत होते तेव्हा कुणी खड्डा खणला नाही.” हे खरंच होतं. तिला अँप जोडलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिझर लावला आणि घरभर अंधार झाला. मीटरशेजारचा ईएलसीबी, ज्याला आम्ही इतकी वर्षं शोभेची वस्तू समजत होतो, पहिल्यांदाच खाली पडला. वर केला, गिझर लावला, पुन्हा पडला. वायरमन परत आले.

“गिझरची कॉइल गेलीये. करंट टाकीत उतरतोय. आत्तापर्यंत त्याला जायला वाटच नव्हती, म्हणून खटका पडत नव्हता. आता वाट झाली.”

“मग आत्तापर्यंत आम्ही अंघोळी कशा केल्या?”

“प्लास्टिकची बादली,” ते म्हणाले, “आणि नशीब.”

जुलै महिना, बाहेर धुकं, नळाला वळवणइतकं गार पाणी. गॅसवर पातेलं चढलं, न्हाणीघराबाहेर रांग लागली, आणि रांगेत सगळ्यात मागे उभ्या असलेल्या भाच्याकडे बघून आई म्हणाली, “आवाज येत होता तेव्हा गरम पाणी तरी येत होतं.”