ठोका म्हणजे निघेल

घरच्या घरी इंजिन खोलायला बसणाऱ्या माणसाला पाने-पकडींच्या आधी लागतं ते कुंपण. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला ते नाही. माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचं हेड उतरवून मी स्टुलावर ठेवलं, तेव्हा जमलेली गर्दी पाहून मागून कुणीतरी हळूच विचारलं, "कधी गेले?"

तसं पद्मिनीचं इंजिन सालस. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी टॅक्सी म्हणून मुंबईत २०२३ पर्यंत राबली ती उगाच नाही. १०८९ सीसी, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह आणि हात घालायला ऐसपैस जागा. कॉम्प्रेसरने स्प्रिंग दाबायची, व्हॉल्व्हच्या दांडीला धरून बसलेल्या लॉकच्या दोन फाका चिमट्याने उचलायच्या, की व्हॉल्व्ह खालच्या बाजूने हातात.

सात व्हॉल्व्ह मुकाट्याने आले. आठवा, एक्झॉस्टचा, अडला. गोल फिरे, वर-खाली होई, पण बाहेर येईना. चपला घालून दारातच तासभर बोलत राहणाऱ्या पाहुण्यासारखा.

"ठोका!" जन्मभर बँकेत काढलेले दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले. मवाळ गटाचं म्हणणं, लाकडी ठोकळा ठेवून ठोका. काकूंनी खोबरेल तेल पाठवलं. सेक्रेटरींनी, ठोकायचंच असेल तर दुपारी दोन ते चार सोडून, अशी अट घातली. मी हातोडी उचलली. बहुमतापुढे कुणाचं चालतं?

तेवढ्यात एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले अप्पा आले. त्यांनी दांडीच्या टोकावरून नुसतं नख फिरवलं. नख अडकलं.

"काठ फुगलाय रे. ठोकलास तर गाइड खरवडत जाईल. मग बस गाइड बदलत."

दांडीच्या टोकावर रॉकर आपटतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असलं, तर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. वर्षानुवर्षं हा मार खाऊन टोकाचा काठ केसभर पसरतो आणि दांडीच्या बेतशीर नळीतून, म्हणजे गाइडमधून, जाईनासा होतो. थोडक्यात, ठोकून ठोकून अडकलेल्या व्हॉल्व्हवर आमच्या मंडळाने एकमताने ठोकण्याचा उपाय काढला होता.

अप्पांनी गाइडच्या तोंडाशी चिंधी गुंडाळली, कीस आत पडू नये म्हणून, आणि माझ्या हातात बारीक कानस दिली. व्हॉल्व्ह थोडा फिरवायचा, काठ थोडा घासायचा. खर्र, खर्र. हातोडीला प्रेक्षक मिळतात, कानशीला नाही. बघता बघता पार्किंग रिकामं झालं. आणि व्हॉल्व्ह, कुणी काही न बोलता, सुळकन तळहातावर आला.

भाजीची पिशवी घेऊन काका परतले. "निघाला? म्हणजे ठोकलात एकदाचा!"

"हो ना," अप्पा गंभीरपणे म्हणाले.

खरं सांगितलं असतं तर मंडळ पुन्हा भरलं असतं, आणि पेस्ट लावून आठही व्हॉल्व्ह सीटवर घासायचे अजून बाकी होते.