पाठीवर सोयाबीन

अमेरिकेत विल्यम्सपोर्ट नावाचं गाव आहे. १९३९ साली तिथल्या कार्ल स्टॉट्झ या गृहस्थांनी पोरांचे बेसबॉल संघ उभे केले आणि पैशांसाठी दुकानांचे उंबरे झिजवले. शेवटी लायकमिंग डेअरीने ३० डॉलर सोडले. मागून एक लाकडाची वखार आली. पहिल्याच सामन्यात वखारीने दूधवाल्यांना २३-८ असं धुतलं. तीच पुढे जगभर गाजलेली लिटल लीग.

आता या हिंगोलीत. बेसबॉल आमच्याकडे नाही असं समजू नका. शालेय क्रीडा स्पर्धांच्या सरकारी यादीत आहे. खेळाडूला दहावी-बारावीत ग्रेस गुण आहेत, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. नाहीत ते फक्त ग्लोव्हज. कबड्डी चड्डी आणि दमावर निभते. इथे मैदानात उतरणाऱ्या नऊच्या नऊ जणांना ग्लोव्ह लागतो.

दाता कुठाय? कायद्यात आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. बड्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे. त्यात ग्रामीण खेळ बसतात, ऑलिम्पिकचेही बसतात. (बेसबॉल ऑलिम्पिकमध्ये सासर-माहेर करत असतो, २०२८ला पुन्हा आत.) पण मेख त्याच कलमात आहे: कंपनी जिथे काम करते, त्या भागाला प्राधान्य. म्हणजे चाकणच्या पोराचं भाग्य उजळलं, सेनगावच्याने टाळ्या वाजवाव्यात. बियाणं, खत, फवारणीची औषधं, मोटारसायकल, रिचार्ज सगळं इथे खपतं. जाहिरातीविना भिंत सापडत नाही. पण विकणं म्हणजे काम करणं नव्हे म्हणे!

बरं, मागास म्हणून तरी काही पदरात पडावं? केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत शेजारचा वाशीम आहे, आम्ही नाही. मागासलेपणातही आमचं मेरिट हुकलं.

मग उरतात साहेब. साहेबांच्या वाढदिवसाला चषक. बॅनरवर साहेब, साहेबांचे साहेब, खाली शुभेच्छुकांची पंगत. खेळाडू शोधायला भिंग आणा. पुढच्या साली तिकीट कापलं की चषकही गुंडाळला. विल्यम्सपोर्टच्या दूधवाल्याचं बरं होतं, त्याला झेडपीला उभं राहायचं नव्हतं.

कंपनी नाही तर नाही, हिंगोली-वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या पेढ्या तर आहेत? एका पेढीने एक शाळा धरावी. जर्सीचा रंग ठरवायला बैठकसुद्धा नको.

तोवर जर्सी अगदीच नाही असंही नाही. शेतकरी मेळाव्यात बापाला फुकट मिळालेला, पोराच्या गुडघ्यापर्यंत लोंबणारा टी-शर्ट असतो. छातीवर बियाणे कंपनी, पाठीवर सोयाबीनच्या वाणाचा नंबर. नऊ खेळाडू, नऊ जणांचा नंबर एकच. पंचांनी आउट द्यायचं कुणाला?