गरज कंपनीची, जोखीम कामगाराची

"आधी व्हिजिटवर ये, मग कंपनी व्हिसा लावून देईल." दुबईला निघालेल्या माणसाला हे आश्वासन कुणी ना कुणी देतंच. खेड, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कितीतरी घरांत आखाताची वाट पिढ्यान् पिढ्या रुळलेली आहे. तिथेही हाच सल्ला मिळतो, आणि देणारा बहुतेक वेळा ओळखीतलाच असतो. म्हणून या आठवड्यात आडवळण नाही. ज्या कंपनीला तुम्ही खरोखर हवे आहात, ती नोकरीचा व्हिसा तुमच्या घरी पाठवू शकते. जी "आधी ये, मग बघू" म्हणते, तिने सगळी जोखीम तुमच्या डोक्यावर टाकलेली असते.

आधी कायदा बघू. संयुक्त अरब अमिरातीत, म्हणजे यूएईत, व्हिजिट व्हिसावर आलेल्या माणसाला नोकरी मिळाली तर देशाबाहेर न पडताही त्याचा व्हिसा बदलता येतो. सगळे त्याला 'स्टेटस चेंज' म्हणतात आणि ती रीतसर सोय आहे. सगळीकडे ती नसते. ब्रिटनमध्ये पाहुणा म्हणून गेलेल्याला तिथे बसून कामाचा व्हिसा मागता येत नाही. कॅनडाने कोविडच्या काळात, ऑगस्ट 2020 मध्ये, पाहुण्यांना तिथूनच वर्क परमिटचा अर्ज करण्याची मुभा दिली होती. ती 28 ऑगस्ट 2024 ला काढून घेतली. यूएईत दार उघडं आहे, आणि त्याचा गैरफायदा घेणारेही तिथेच टपलेले आहेत.

व्हिसा बदलता येतो, पण बदलण्याआधी काम करता येत नाही. एक दिवसही नाही, 'ट्रायल' म्हणूनही नाही. 2024 मध्ये यूएईने हा नियम आणखी कडक केला. परमिटशिवाय माणूस कामावर ठेवणाऱ्या मालकाला आता किमान 1 लाख आणि कमाल 10 लाख दिरहम दंड होऊ शकतो. आधी हा दंड 50 हजारांपासून 2 लाखांपर्यंत होता. पण पकडला गेलेला कामगारही सुटत नाही. त्याला देशाबाहेर काढलं जाऊ शकतं आणि पुन्हा येण्याची बंदी घातली जाऊ शकते. मालक दंड भरून दुकान चालू ठेवतो. कामगाराचं कर्ज मात्र गावात तसंच उभं राहतं.

रीतसर क्रम असा आहे. आधी कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातली ऑफर, तिच्यावर तुमची सही. मग वर्क परमिट. मग एंट्री परमिट, किंवा तुम्ही तिथेच असाल तर स्टेटस चेंज. त्यानंतर मेडिकल, एमिरेट्स आयडी आणि रेसिडन्सी. यातलं काहीच झालेलं नसताना "उद्यापासून साइटवर ये" असा फोन आला, तर जायचं नाही. तिथे शिडीवरून पडलात तर तुम्ही त्या कंपनीचे कामगार आहात हे सांगणारा एकही कागद तुमच्याकडे नसतो. ज्याच्या भरवशावर गेलात तो मालक त्या दिवशी ओळख दाखवेल, याची खात्री कोण देणार?

आता दुबईच्या देरा भागातली एक खोली डोळ्यांसमोर आणा. दुमजली खाटा, प्रत्येक खाटेला पडदा, खाली बॅग, उशाशी चार्जर. याला 'बेडस्पेस' म्हणतात आणि त्याचं भाडं महिन्याच्या महिन्याला मोजावं लागतं. व्हिसा 60 दिवसांचा. पहिल्या आठवड्यात माणूस पगार बघून नोकरी निवडत असतो. पन्नासाव्या दिवशी तो मिळेल त्यावर सही करतो. मुदत टळली की ओव्हरस्टेचा दंड दिवसाला 50 दिरहम, म्हणजे आपले हजाराहून जास्त रुपये. कामगाराचे दिवस सरत येतात तसा मालकाचा हात वर होत जातो. "व्हिजिटवर ये" या सल्ल्यातला खरा डाव हाच आहे.

हा डाव कागदावर कसा उतरतो तेही बघा. व्हॉट्सॲपवर आलेल्या पत्रात एकच आकडा असतो: पगार 3000 दिरहम. पन्नासाव्या दिवशी समोर येणाऱ्या ऑफरमध्ये बेसिक 1000 आणि बाकीचे 2000 भत्ते असतात. महिन्याची बेरीज तीच, म्हणून माणूस सही करतो. पण तिथली ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात. पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा बेसिक पगार. 3000 बेसिकवर वर्षाचे 2100 दिरहम जमले असते, 1000 बेसिकवर 700 जमतात. घरी बसून ही ऑफर हातात आली असती तर चार जणांना दाखवता आली असती, नाही म्हणता आलं असतं. ही ऑफर अरबी आणि इंग्रजीसोबत हिंदी, उर्दू, मल्याळम, तमिळ अशा भाषांतही मिळते. "समजलं नाही" म्हणत सही करायची गरजच नाही. हिंदीतली प्रत मागा आणि बेसिकचा रकाना आधी वाचा.

पैशांचंही तसंच. यूएईचा 2021 चा कामगार कायदा स्वच्छ सांगतो की भरतीचा खर्च मालकाचा. तो कामगाराकडून सरळ किंवा आडून वसूल करता येत नाही. भारतात नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. त्याच्यावर एक रुपयाही बेकायदा आहे. तरीही दागिने गहाण टाकून लाखांच्या घरात रक्कम मोजली जाते, पावती मिळत नाही, आणि दिलेला व्हिसा निघतो फिरायला जाण्याचा. एजंट पावती देत नसेल तर पुढचं बोलणंच नको.

दहावी न झालेल्यांचा धोका सर्वांत मोठा. त्यांच्या पासपोर्टला 'ईसीआर' म्हणतात. आखातातल्या देशांसह 18 देशांत कामाला जाण्याआधी त्यांना प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सची मंजुरी लागते. हे कार्यालय मुंबईतही आहे. ही मंजुरी 1983 च्या कायद्यातून आली, आणि ती कामगाराला छळायला आलेली नाही. तिच्यामुळे कराराची नोंद होते, मालकाचं नाव सरकारकडे राहतं आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचं 10 लाखांचं अपघाती विमाकवच मिळतं. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, तीन वर्षांचा 375. व्हिजिटवर गेलेला माणूस या सगळ्याला मुकतो, कारण सरकारी दप्तरात तो पर्यटक असतो. पावणेतीनशे रुपयांत मिळणारं संरक्षण सोडायला लावणारा एजंट तुमचा हितचिंतक नाही.

शिकलेल्यांनी हे दुसऱ्याचं दुखणं समजू नये. डिप्लोमा झालेली, इंजिनिअर झालेली मुलंही व्हिजिटवर जातात आणि तिथे गेल्यावर त्यांना कळतं की प्रमाणपत्र अटेस्ट केलेलं लागतं. यूएईत कुशल कामगार म्हणून नोंद होण्यासाठी अटेस्टेड प्रमाणपत्र आणि किमान 4000 दिरहम पगार, दोन्ही लागतात. अटेस्टेशन म्हणजे राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईचा दूतावास अशी शिक्क्यांची रांग. मूळ कागद सांगलीच्या कपाटात आणि माणूस शारजाच्या खोलीत, अशी गत झाली की निम्मी मुदत कुरिअरमध्येच जाते. मग इंजिनिअर खालच्या पदाच्या व्हिसावर सही करतो, आणि पुढे पद आणि पगार वाढवून घेताना तोच कागद त्याच्या आड येतो. विमानाच्या तिकिटाआधी अटेस्टेशन उरकायचं. उलट क्रम कधीच नाही.

आणि प्रत्यक्ष जाऊनच नोकरी शोधायची असेल, तर त्यासाठीही सरळ वाट आहे. ऑक्टोबर 2022 पासून यूएईने नोकरी शोधणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला आहे. तो 60, 90 किंवा 120 दिवसांचा असतो, त्याला कंपनीचा स्पॉन्सर लागत नाही, आणि किमान पदवी असलेल्यांना अटींनुसार तो मिळतो. त्यावर मुलाखती द्या, ऑफर घ्या, स्टेटस चेंज करा. काम मात्र परमिटनंतरच.

आता सरकारला. एजंटची नोंदणी खरी आहे की नाही, हे ई-मायग्रेट पोर्टलवर पाहता येतं, पण वाडीतल्या किती जणांना ते माहीत आहे? परदेशी जाणाऱ्यांची पोरं ज्या तालुक्यांत शिकतात, तिथल्या प्रत्येक आयटीआयच्या भिंतीवर तीन गोष्टी मोठ्या मराठी अक्षरांत लागायला हव्यात: एजंटची मर्यादा 30 हजार, भरतीचा खर्च मालकाचा, परमिटआधी काम नाही. तलाठी कार्यालयात लागाव्यात, ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. याला ना नवा कायदा लागतो, ना मोठा निधी. कोकणातून आखातात गेलेल्यांच्या पैशावर गावात घरं उभी राहिली, शाळा-मशिदी उभ्या राहिल्या. त्यांच्या मुलांना निदान एवढी माहिती देणं हे राज्याचं कर्तव्य आहे.

आणि जे आत्ता, हे वाचत असताना, तिथेच व्हिजिटवर आहेत त्यांच्यासाठी: पासपोर्ट कुणाकडेही ठेवायला देऊ नका. मुदतीची तारीख घरच्यांना कळवून ठेवा. ऑफरचा नंबर यूएईच्या कामगार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासा. अडचण आली तर भारतीय वकिलातीच्या प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा 800 46342 हा टोल-फ्री नंबर फिरवा. मुदत संपत आली आणि परमिट आलं नाही, तर दंड चढण्याआधी परत या. रिकाम्या हाताने घरी आलेल्या माणसाला दुसरी संधी मिळते. बंदीचा शिक्का बसलेल्याला तेच दार बंद होऊ शकतं. गावकऱ्यांनीही परत आलेल्याला "काय, जमलं नाही?" असं विचारू नये. त्या एका प्रश्नाच्या धास्तीने किती जण नको त्या कागदावर सही करतात, हे त्या खोल्यांमध्ये राहिलेल्यांना विचारा.