किमान, कमाल, शेरा

अप्पांना ‘अंदाजे’ या शब्दाचा तिटकारा आहे. सांगलीकडच्या एका सहकारी बँकेत त्यांची उभी हयात हिशेबतपासणीत गेली. चार आण्यांची तफावत सापडेना म्हणून ऐन दिवाळीच्या तोंडावर अख्ख्या शाखेला रात्री थांबवून ठेवणारा हा माणूस निवृत्तीनंतर मुलाकडे इंग्लंडात, रेडिंगला आला आणि आकडा धड न सांगणाऱ्या लोकांत सापडला.

पहिली ठिणगी बॉयलरवाल्यामुळे पडली. तो फोनवर म्हणाला, “हाफ नाइनिश.” अप्पांनी नवाचं अर्धं काढून साडेचार धरले. सुनेने सांगितलं, “अप्पा, साडेनऊ.” नातवाने त्यात भर घातली की जर्मन लोक हेच शब्द वापरून साडेआठ सांगतात. अप्पांनी ते राष्ट्र तात्पुरतं बाजूला ठेवलं.

“आणि हे शेवटचं ‘इश’ काय? नऊ वाजता लाजायला काय झालं याला?”

बॉयलरवाला सव्वाअकराला उगवला. ‘कपल ऑफ मिनिट्स’ उशीर झाल्याबद्दल त्याने माफी मागितली. अप्पांनी त्याला चहा दिला आणि आल्याच्या वेळेसमोर सही करायला लावली. त्या गरीब माणसाला वाटलं, ही काहीतरी विम्याची भानगड असावी.

तेव्हापासून अप्पांकडे एक वही आहे. रकाने चार: उक्ती, किमान, कमाल, शेरा. दुपारी सबटायटलं लावून ते खुनाच्या मालिका बघतात. खुनी कोण, यात त्यांना रस नाही. इन्स्पेक्टर ‘गिव्ह ऑर टेक ॲन अवर’ म्हणाला की रिमोट दाबून चित्र थांबवतात. “एक तास इकडे की तिकडे? फाशीचा प्रश्न आहे आणि हा तास वाटत सुटलाय!”

ती वही मी वाचली आहे. ‘अ कपल ऑफ’ पुढे किमान 2, कमाल 5, आणि शेरा: ‘नवरा-बायकोच्या बाबतीत मात्र काटेकोर 2.’ ‘द बेस्ट पार्ट ऑफ ॲन अवर’ म्हणजे अर्ध्या तासाहून बरंच जास्त, पण तासाहून कमी. त्यापुढचा शेरा: ‘संपूर्ण वेळ दवाखान्यात बसून. बेस्ट काही आढळले नाही.’ ‘अ गुड ट्वेंटी मिनिट्स’ला किमान 20 आहे आणि कमालीचा रकाना लाल शाईने कोरा सोडलाय. सुनेच्या ऑफिसात कुणाचा पगार ‘नॉर्थ ऑफ फिफ्टी थाउजंड’ आहे, हे कळल्यावर अप्पांनी लिहिलं: ‘रक्कम उत्तरेस. दक्षिणेस कर.’

लंडनच्या सट्टेवाल्यांच्या भाषेत पंचवीस पौंडांना ‘पोनी’ आणि पाचशेंना ‘मंकी’ म्हणतात. अंदाज नसलेली, चोख रक्कम. तरी अप्पांची हरकत होतीच: तट्टूपेक्षा माकड वीसपट महाग कसं? कुणीतरी त्यांना इथली नेहमीची कथा ऐकवली, की हिंदुस्थानातल्या पाचशेच्या नोटेवर म्हणे माकडाचं चित्र होतं, आणि गोऱ्या शिपायांनी तो शब्द घरी आणला. अप्पांनी चष्मा काढला. “आयुष्यभर नोटा पाहिल्या. मोजणारी माकडं पुष्कळ पाहिली. नोटेवरचं एकही नाही.”

इंग्रजांवर ते खूश झाले ते एकदाच. ‘बेकर्स डझन’ म्हणजे 13, हे कळलं तेव्हा. तेराव्या शतकात इथल्या कायद्याने पावाचं वजन ठरवून दिलं होतं. कमी भरलं तर शिक्षा. म्हणून भट्टीवाले बारांवर एक पाव जास्तीचा टाकत, असं सांगतात. अप्पांचे डोळे पाणावायचेच बाकी होते. “बघ! तपासणीची नुसती भीती होती, तर गिऱ्हाइकाला पाव मिळाला!”

मग शेजारच्या डेव्हिडने बागेत जेवण ठेवलं. किती माणसं येणार, असं अप्पांनी कुंपणावरून विचारलं. “ओह, ट्वेंटी-ऑड.” ऑड म्हणजे विषम, हे अप्पा सातवीत शिकले होते. एकवीस कमी पडतील, पंचवीस उरतील, असा विचार करून त्यांनी सुनेकडून मोजून तेवीस बटाटेवडे तळून घेतले. बागेत डोकी मोजली तर चोवीस. दोनदा मोजली. मग यजमानाला बाजूला घेऊन गंभीर आवाजात तफावत कळवली. डेव्हिडने विचारपूर्वक आपल्या मेव्हण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “तो ऑड आहे. त्याला दोनदा मोजलंत का?”

हा विनोद आहे, हे अप्पांना उशिरा कळलं. पण त्यांनी त्याची नोंद केली.

परवा मी गेलो तेव्हा ते सांगलीला फोनवर होते. “अहो, आठ-पंधरा दिवसांत येतोच मी. पाच-पन्नास पत्रिका छापून ठेवा. जेवायला काय, शे-दोनशे पान होईल. आचाऱ्याला दोन पैसे जास्त द्या, पण चार लोकांत नाव राहिलं पाहिजे. गुरुजींना सतराशे साठ वेळा सांगून झालंय.”

मी वही उघडून त्यांच्यापुढे धरली. “अप्पा, आठ-पंधरा. किमान, कमाल?”

“त्यात किमान-कमाल कसलं? आठ-पंधरा म्हणजे आठ-पंधरा.”

“पाच-पन्नास पत्रिका? पाच की पन्नास?”

“छापखान्यावाल्याला कळतं ते.”

“आणि शे-दोनशे पानांत शंभर पानांचा फरक…”

“हे बघ,” अप्पा शांतपणे म्हणाले, “तो अंदाज नाही. ते बोलणं आहे. सरक जरा, दिसत नाहीये.”

पडद्यावर बाई इन्स्पेक्टर सांगत होती की आता फक्त ‘अ हँडफुल ऑफ सस्पेक्ट्स’ उरले आहेत. अप्पांनी रिमोट दाबला, माझ्या हातातून वही घेतली, किमान 3, कमाल 6 लिहिलं, आणि थोडा विचार करून शेरा मारला: ‘मूठ कोणाची, ते नमूद नाही. दोषदुरुस्ती व्हावी.’