पहिलटकरांसाठी ओपीडी

सिव्हिलच्या ओपीडीला पहिल्यांदाच निघालात? घाबरू नका. अंगात ताकद असली की सगळं जमतं. फारच आजारी असाल तर आधी बरे व्हा, मग या.

१. केसपेपरची खिडकी आठला उघडते, म्हणजे साडेसहाला पोचा. तुमच्या आधी रांगेत बारा चपला, दोन पाण्याच्या बाटल्या आणि एक वीट असेल. विटेला हात लावू नका. तिचे मालक समोरच्या टपरीवर चहा घेताहेत आणि त्यांना तिथून सगळं दिसतं.

२. पैशांची चिंता नको. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरही फुकट आहे. फी गेली, खिडकी राहिली.

३. मोबाइलवाल्यांनी भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करावा. चौदा आकडी आभा क्रमांक असला की टोकन मिळतं. मग ते टोकन घेऊन रांगेत उभं राहायचं.

४. जुने कागद न्या, सगळे. साडीच्या दुकानाची पिशवी उत्तम. वर एक्स-रे, मध्ये रक्ताचे रिपोर्ट, तळाशी २०११ सालची सोनोग्राफी, जी कुणाची हे आता घरात कुणालाच आठवत नाही. डॉक्टर नेमकी तीच मागतील.

५. शुगर तपासायची तर उपाशी या. आठ तास पुरतात, पण रांग धरून बारा आरामात होतात, नशीबवान आहात. रक्त दिलंत की पोटभर जेवा, घड्याळ लावा आणि बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायला जा. तोवर लॅबची खिडकी बंद झालेली असेल. उद्या पुन्हा उपाशी या.

६. वॉर्डबॉयला 'मामा' म्हणा. 'अहो, शुक शुक' करणाऱ्याला सतरा नंबरच्या खोलीत पाठवतात, आणि सतरा नंबरला कुलूप असतं.

७. दुखणं एका वाक्यात पाठ करा, घरी आरशासमोर. 'परवा भाच्याच्या जावळाला गेलो होतो, तिथं पुरणपोळी...' अशी सुरुवात केलीत तर पोळी ताटात पडायच्या आत गोळ्या लिहून होतील. नुसतं म्हणा, 'पोट, उजवीकडे, तीन दिवस.' डॉक्टरांनाही समजून घ्या. बिचारे सकाळपासून पोटंच ऐकताहेत, आणि चहा गार झालाय.

८. औषधाच्या खिडकीवर पाचापैकी तीन गोळ्या मिळतील, उरलेल्या 'बाहेरून घ्या'. केसपेपर उलटा करून बघा, 'आठ दिवसांनी दाखवणे' असं लिहिलं असेल. घरी जाताना वाटेत कुठं बांधकाम चालू असेल, तिथून एक बरीशी वीट उचला.