काय वो वहिनी, पोरगा चिनी शिकून रायला म्हणे?

"काय वो वहिनी, पोरगा चिनी शिकून रायला म्हणे? गांधी हिल्सवर?"

"हो ना काकू. हिंदी विश्वविद्यालयात."

"माय वो! हिंदीच्या विद्यापीठात चिनी?"

"चिनी, जपानी, फ्रेंच, स्पॅनिश सारंच शिकवतात जी. अन् परदेशातले पोट्टे तिथं हिंदी शिकाले येतात. 1997 पासून हायच की ते आपल्या वर्ध्यात."

"ते ठाऊक हाय मले. परवा बजाज चौकात एक विदेशी पोरगी सांभारासाठी भाजीवाल्याशी भांडत होती. दोन रुपये कमी करूनच गेली, बाप्पा! अन् वर्गात म्हणे तोंड उघडत नाई."

काकूंना ही 'म्हणे'वाली माहिती कुठून मिळते, देव जाणे. पण मुद्दा नेमका होता.

"क्रॅशेन नावाचा अमेरिकन भाषातज्ज्ञ हेच म्हणते काकू. स्पॅनिशचे मास्तर टेरेल अन् त्यानं 1983 मध्ये पुस्तकच लिहिलं. नियम पाठ करणं वेगळं, भाषा अंगात भिनणं वेगळं. समजेल असं भरपूर ऐकू द्या; सुरुवातीले पोरगं गप्प बसलं तर बसू द्या. कान काम करून रायले असतात."

"हे सांगाले अमेरिका कायले पाहिजे? आमच्या नातवाले कोणतं व्याकरण शिकवलं होतं?"

"पण त्याले घरी दिवसभर ऐकू येते, वर्गात मिळतो एक तास. म्हणून अ‍ॅशर नावाच्या दुसऱ्या एकानं हुकमावर वर्ग चालवला. ऊठ, दार उघड, पुस्तक टेबलावर ठेव. मास्तर बोलते, पोट्टे करतात. बोलणं मागून येते."

"म्हणजे गांधीजींची नई तालीमच की वो! 1937 च्या शिक्षण परिषदेत इथंच ठरलं ना, हाताले काम देऊन शिकवा म्हणून?"

"तिथं भर मातृभाषेवर होता, काकू. विदेशी भाषेचा प्रश्नच नव्हता."

"असू द्या. हात चालला का डोकं चालते. पण मले सांगा, ते चिनी अक्षरं ऐकून येतात का?"

"छे! गिरवावेच लागतात. रात्री वह्याच्या वह्या भरते पोरगा."

"मंग? पवनारचे विनोबाही मोठ्या वयात अरबी शिकले, ते कुराण मुळातून वाचाले. त्याहिले कुठं अरबीत भाजी घ्याची होती!"

इथं मी हरले. वाचायला शिकायचं तर पुस्तक लागतं, भांडायला शिकायचं तर भाजीवाला. आपले वर्ग मात्र दोन्हीसाठी तेच करतात: मराठीत व्याकरण सांगायचं, शेवटी शब्दार्थ पाठ.

"माया भाचीनं इंग्रजी बोलाचा क्लास लावला," काकूंचा आवाज खाली आला, "वाक्य पाठ करून घेतात नुसते. समोरच्यानं दुसरंच काही विचारलं का पोरगी गप्प."

"फी भरली का?"

"अर्धी."

"मंग बाकीची भराच्या आधी एक दिवस मागच्या बाकावर जाऊन बसा काकू. मास्तर इंग्रजीत बोलते का इंग्रजीबद्दल मराठीत बोलते, एवढंच पाहजा. दुसरं असंल तर पैसे वापस मागा."